तिबेटचा कुत्रा आणि नाशिकचा मे महिना

नाशिककराला तिबेट हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात नंतर भेटतो, शरणपूर रोडवर आधी भेटतो. तिबेटियन मार्केट! कॉलेजात असताना जीन्स तिथली, जर्किन तिथलं, आणि "भैया, लास्ट कितना?" हे घासाघीस करायचं पहिलं शिक्षणही तिथलंच. हिवाळ्यात देशभर तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, आणि आपण ते मोठ्या विश्वासाने घेतो, की तिबेटी माणसाला थंडी कळणार नाही तर कोणाला? आता गंमत अशी की त्यातला बराचसा माल लुधियानाच्या बाजारातून घाऊक भावात आलेला असतो. नाव तिबेटचं, वीण पंजाबची. पण त्यात कोणाचं काही बिघडत नाही. स्वेटर गरम असला की झालं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मित्राने मोबाईलवर एक फोटो दाखवला. काळंभोर, केसाळ, अस्वलाच्या पिल्लासारखं काहीतरी.

"तिबेटियन मॅस्टिफ. एकदम ओरिजिनल. पंचेचाळीस दिवसांचं आहे. पंजाबहून येणार. साठ हजार म्हणतोय, पण पंचावन्नला देईल."

"ठेवणार कुठे?"

"अरे रो-हाउस आहे ना आता! गच्ची आहे, पुढे पार्किंग आहे. तू कुत्र्यांतला माणूस आहेस म्हणून विचारतोय, कसं वाटतं सांग."

कसं वाटतं ते मी टपरीवर दोन कटिंग होईपर्यंत सांगितलं. त्याला ते काही पटलं नाही. शेवटी तो म्हणाला, "तू शनिवार-रविवार लिहितोस ना काहीतरी? मग लिहूनच काढ, वाचतो मी." तर मंडळी, हा लेख खरं म्हणजे एकाच माणसासाठी आहे. पण गेल्या काही वर्षांत गंगापूर रोड काय आणि इंदिरानगर काय, संध्याकाळी फिरायला निघालेली हस्की, सेंट बर्नार्ड पाहिली की वाटतं, वाचणारे अजूनही निघतील.

आधी नावांचा घोळ निस्तरू. तिबेटची म्हणून जगभर जी कुत्री ओळखली जातात त्यात मुख्य चार: तिबेटियन मॅस्टिफ, ल्हासा अप्सो, तिबेटियन टेरियर आणि तिबेटियन स्पॅनियल. पाचवा शिह त्झू. त्याची मुळं तिबेटी कुत्र्यांत, पण घडला तो चीनच्या राजवाड्यात. आता ह्यातला टेरियर हा टेरियर नाही. टेरियर म्हणजे बिळात शिरून उंदीर-घुशी काढणारं कुत्रं. ह्याचा त्या कामाशी काडीचा संबंध नाही. स्पॅनियल हा स्पॅनियल नाही. मॅस्टिफचंही युरोपातल्या मॅस्टिफशी नातं असेलच असं नाही. इंग्रज आले, त्यांनी पाहिलं की हे आकाराने आपल्याकडच्या अमक्यासारखं दिसतंय, आणि दिलं नाव ठोकून. एखाद्या ज्युनियरने दुसऱ्या प्रोजेक्टमधला कोड कॉपी करावा आणि व्हेरिएबलची नावं तशीच ठेवावीत, तसला प्रकार. पुढची शंभर वर्षं सगळे त्या नावावरून अर्थ काढत बसतात.

मॅस्टिफचं तिबेटी नाव दो-ख्यी. साधारण अर्थ, बांधून ठेवायचा कुत्रा. त्याचं सगळं आयुष्य ह्या नावात आलं. चांगथांगसारख्या उघड्या पठारावर याक-मेंढ्या घेऊन फिरणारा मेंढपाळ. त्याच्या तंबूबाहेर हा दिवसभर बांधलेला, अंगाचं मुटकुळं करून झोपलेला. रात्री सोडायचा. मग रात्रभर गस्त. लांडगा, हिमबिबट्या, अस्वल, चोर, जो कोणी येईल त्याच्याशी ह्याची गाठ. मालक झोपलेला असतो, त्यामुळे निर्णय कुत्र्यानेच घ्यायचा. कोणावर नुसतं भुंकायचं आणि कोणावर धावून जायचं, हे विचारायला तो तंबूत येत नाही. मार्को पोलोने तिबेटच्या कुत्र्यांना गाढवाएवढं म्हटलं होतं. तेवढा तो नाही, पण वाढलेला नर पन्नास-साठ किलोचा सहज भरतो.

ल्हासा अप्सोचं काम त्याच घराच्या आतलं. बाहेर मोठा, आत छोटा. मठात किंवा घरात कुठेतरी पडून राहायचं आणि अनोळखी पावलाची चाहूल लागली की आकांत करायचा. म्हणजे मॅस्टिफ हा गेटवरचा वॉचमन आणि ल्हासा म्हणजे दाराची बेल. तिबेटात ही कुत्री विकण्यापेक्षा भेट द्यायची रीत होती. १९३३ साली तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग नावाच्या अमेरिकन प्रवाशाला ल्हासाची जोडी भेट दिली, आणि अमेरिकेतल्या ह्या जातीची सुरुवात तिथून मानतात. टेरियरची गोष्ट तर आपल्या कानपूरची आहे. १९२० च्या दशकात तिथे डॉ. ग्रेग नावाच्या इंग्रज बाई डॉक्टर होत्या. त्यांनी एका तिबेटी व्यापाऱ्याच्या बायकोचं ऑपरेशन केलं, आणि त्या कुटुंबाने फी म्हणा, आभार म्हणा, एक पिल्लू दिलं. त्या पिल्लापासून पुढे युरोपात पोचलेल्या टेरियरची वंशावळ सुरू झाली. ह्या टेरियरचे पंजे चपटे आणि रुंद असतात, बर्फात रुतू नयेत म्हणून. नाशिकच्या डांबरी रस्त्यावर त्या पंजांचा काय उपयोग, ते मात्र विचारू नका.

मला सांगायचं ते ह्या पंजाबद्दलच आहे. कुत्र्याची जात ही काही डिझाईन केलेली वस्तू नसते (निदान जुन्या जाती तरी नसतात). शेकडो वर्षं एका जागेने काही प्रश्न विचारले आणि जी कुत्री उत्तर देऊ शकली ती टिकली. केस, पंजे, आवाज, रात्री जागणं, हट्टीपणा, सगळं त्या उत्तराचा भाग. तुम्ही कुत्रा घेता तेव्हा ते सगळं उत्तर घरी आणता. प्रश्न मात्र ल्हासाच्या पलीकडे राहिलेला असतो.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण रक्तातलं आहे. तिबेटच्या पठाराची उंची सरासरी साडेचार हजार मीटर. तिथे हवा विरळ, ऑक्सिजन कमी. साध्या माणसाचं किंवा कुत्र्याचं शरीर तिथे गेलं की घाबरून लाल पेशी वाढवत सुटतं, रक्त घट्ट होतं आणि त्याचाच पुढे त्रास होतो. तिबेटी माणसांत हे आवरणारा एका जनुकाचा खास प्रकार आहे. ईपीएएस१ असं त्याचं नाव. तो त्यांच्याकडे डेनिसोव्हन ह्या नामशेष झालेल्या मानवांकडून आला, असं २०१४ साली संशोधकांनी दाखवलं. आणि २०१७ मधल्या अभ्यासात दिसलं की तिबेटी मॅस्टिफमध्ये ह्याच जनुकाचा जो प्रकार आहे, तो त्याला तिथल्या लांडग्यांकडून मिळालेला आहे. माणूस आणि कुत्रा, दोघेही बाहेरून वर चढून आले, आणि दोघांनीही तिथे आधीपासून राहणाऱ्या नातेवाइकाकडून तोच तयार तुकडा उचलला. ओपन सोर्सचं ह्याच्याहून जुनं उदाहरण मला तरी माहीत नाही. :)

बरं, हे जनुक नाशिकमध्ये काही नुकसान करतं का? तर नाही. सहाशे मीटर उंचीवर ते नुसतं बिनकामाचं. नुकसान करतात ते केस.

इथे मित्राने टपरीवर टाकलेला मुद्दा घेतो, कारण मुद्दा चांगला होता. तो म्हणाला, "तिबेटी माणसं राहतात की महाराष्ट्रात! मग कुत्रा का नाही राहणार?" खरंय. १९५९ नंतर निर्वासित होऊन आलेल्या तिबेटी लोकांच्या वसाहती कर्नाटकात आहेत, तशी आपल्याकडेही एक आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नोर्ग्येलिंग नावाची. १९७२ पासून. विदर्भाचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. त्या लोकांनी तो पन्नासहून जास्त वर्षं काढला.

पण त्यात दोन फरक आहेत. एक, ते हौसेने आले नाहीत. आणि दुसरा अगदी साधा, की माणूस स्वेटर काढून ठेवू शकतो. माणसाला अंगभर घाम येतो, आणि तो वाळताना अंग थंड होतं. कुत्र्याला अंगावर असा घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना येतो तेवढाच. त्याचा सगळा कूलर तोंडात. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, ओलावा उडवायचा, त्यावर रक्त थंड करायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सियस. एक्केचाळीसच्या वर गेलं की उष्माघात, आणि तिथून डॉक्टरकडे पोचेपर्यंत अवयव निकामी व्हायला लागलेले असू शकतात. म्हणजे त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन अंश असतात. आता नाशिकचा एप्रिल-मे आठवा. दुपारी चाळीसच्या आसपास पारा, म्हणजे बाहेरची हवाच कुत्र्याच्या अंगाहून गरम. अशात मॅस्टिफच्या अंगावर बाहेरून लांब राठ केस, आत लोकरीसारखा दाट थर. थर्मास म्हणजे काय? आतली उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. तेच ते.

"पण उन्हाळ्यात ती लोकर झडते ना!" झडते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, पोतंभर झडते. (ज्याच्या घरी झडते त्याच्या बायकोला विचारा.) तरी वरचे केस राहतातच, आणि मुख्य म्हणजे साठ किलोचा देह राहतो. दहावीचं गणित आठवा: आकार वाढला की घनफळ जास्त वेगाने वाढतं, पृष्ठफळ कमी वेगाने. मोठ्या शरीरात उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर पडायला कातडं त्या मानाने कमी. म्हणून तर हत्तीला सुपाएवढे कान लागतात.

"मग केस कापून टाकू." तेही नको. अशा दुहेरी केसांच्या कुत्र्याचं मुंडण केलं की ऊन थेट कातडीला लागतं, आणि नंतर केस पूर्वीसारखे येतीलच ह्याची खात्री नसते. "मग एसी लावू." लावशील रे. पण मग तू काय पाळतोस ह्याचा विचार कर. रात्रभर मैलभर गस्त घालायला बनलेला प्राणी, मार्च ते जून दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये कोंडलेला. आणि ज्या दुपारी वीज जाईल त्या दुपारी तू ऑफिसात, वहिनी ऑफिसात, घरी तुझी आई आणि साठ किलोचा धापा टाकणारा कुत्रा. त्या माउलीने त्याला उचलून गाडीत कसं घालायचं?

आवाजाचं तर बोललोच नाही. हा रात्री भुंकतो. तो आजारी किंवा बिघडलेला असतो म्हणून नव्हे, ते त्याचं काम आहे म्हणून. पठारावर पुढचा तंबू लांब असतो. तुमच्या रो-हाउसची भिंत शेजाऱ्याशी कॉमन असते.

आता म्हणाल, ह्याला सगळं तिबेटी वाईटच दिसतंय. उलट आहे. आमच्याच घरी ल्हासा होता. टॉफी. मी नववीत असताना आला आणि मी इंजिनियरिंगला बाहेर पडलो तेव्हा मागे राहिला. तेव्हा मध्यमवर्गात पामेरियन नाहीतर ल्हासा अशी लाटच होती, आणि आम्ही त्या लाटेतले. कुत्रा लहान, घरात मावणारा, पंख्याखाली फरशीवर पोट टेकून पडला की उन्हाळाही निघायचा. बेल वाजायच्या आधी भुंकायचा, म्हणजे पिढीजात नोकरी चोख. पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. मी होतो तोवर विंचरायचो, अधूनमधून. मी गेल्यावर ते काम आईवर आलं. तिचे गुडघे दुखायचे, तिला खाली बसवायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आलो तर टॉफीच्या काखेत आणि कानामागे जटा झालेल्या, आणि जटांच्या आत गोचीड. त्यातून ताप. डॉक्टरांनी वाचवला. सगळे केस भादरल्यावर खाली जी कातडी दिसली ती मला अजून आठवते. त्याने एकदाही चावायचा प्रयत्न केला नाही, ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

टॉफी पुढे बरीच वर्षं जगला. पण तेव्हापासून कोणी "कुत्रा घेतोय" म्हटलं की मी जात विचारत नाही. विंचरणार कोण, ते विचारतो.

लाटांचं म्हणाल तर त्या येतच राहतात. २००३ साली हचच्या जाहिरातीत तो पग मुलाच्या मागे चालला आणि गल्लोगल्ली पग आले, बसक्या नाकाने घोरत. मग त्या ड्रॅगनवाल्या मालिकेनंतर हस्की आले. आणि मॅस्टिफची लाट ओसरल्यावर काय होतं, ते चीनने आधीच करून दाखवलंय. तिथल्या नवश्रीमंतांत हा कुत्रा म्हणजे दारातली मर्सिडीज झाला होता. २०१४ मध्ये झजियांग प्रांतातल्या एका प्रदर्शनात एक पिल्लू एक कोटी वीस लाख युआनला गेल्याची बातमी जगभर छापून आली. म्हणजे साधारण वीस लाख डॉलर. ह्या कुत्र्याची आयाळ इतकी सिंहासारखी असावी ही हौस, आणि त्याची कमाल म्हणजे २०१३ मध्ये हनान प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयात चक्क 'सिंहा'च्या पिंजऱ्यात तिबेटी मॅस्टिफ ठेवलेला सापडला. सिंह भुंकला म्हणून पोराने ओळखलं!

हसू येतं, पण पुढचं ऐका. २०१५ पर्यंत फुगा फुटला. भाव कोसळले, केनेलं बंद पडली, कुत्री कत्तलखान्याकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये सापडायला लागली. आणि पठारावर सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या झाल्या. त्या माणसांना चावतात, गुरं मारतात, हिमबिबट्याच्या तोंडची शिकारसुद्धा हिसकावतात. ज्याचा जन्म कळप राखायला, तोच कळपावर पडला. ह्यात कुत्र्याची काय चूक?

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की दो-ख्यी जे काम तिथे करतो ते काम करणारा कुत्रा आपल्याकडे आहे आणि आपण त्याला कुत्र्यात धरत नाही. दिवाळीनंतर सिन्नर-घोटी रस्त्याने जा. मेंढरांचा कळप आडवा येतो, गाडी बंद करून बसावं लागतं. कळपाबरोबर घोडी, घोडीवर संसार, संसारावर कोंबड्या, आणि कडेने चाललेलं एक कुत्रं. ते गाडीकडे बघत नाही, बिस्किटाकडे बघत नाही. मागे एकदा मी उतरून धनगरबाबांना विचारलं,

"बाबा, कोणत्या जातीचं हो कुत्रं?"

"जात कसली दादा, मेंढरामागचं कुत्रं हाय ते. ह्याची आई बी आमच्याच वाड्यावर व्हती."

बस. कागद नाही, केनेल नाही. आई वाड्यावर होती, तिने रात्री लांडगा परतवला, म्हणून तिचं पिल्लू ठेवलं. दो-ख्यी घडला तो असाच. फरक एवढाच की ह्याला इंग्रजाने नाव दिलं नाही. अंगावर केस आखूड, अंगकाठी सडपातळ, भर उन्हात बाभळीच्या सावलीत तासभर पडला की पुन्हा तयार. नाशिकच्या मे महिन्याला दिलेलं उत्तर आहे ते!

तेच कारवानीचं. लातूर-सोलापूरपासून कर्नाटकातल्या मुधोळपर्यंतचा हा सडसडीत शिकारी कुत्रा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ही जात जोपासली, म्हणून ती मुधोळ हाउंड नावाने जगाला माहीत झाली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातही ती होती. पण थांबा, "मग कारवानी घेतो" असं लगेच म्हणू नका. त्याला धावायला रान लागतं. तो गच्चीवर बांधून ठेवणं म्हणजे मॅस्टिफला एसीत ठेवण्यासारखंच. देशी आहे म्हणून पुण्य लागत नाही. प्रश्न जिथला तिथलं उत्तर, हा नियम देशीलाही लागू.

मग रो-हाउस, दोघंही नोकरीला, घरी आई, सोसायटी, चाळीस अंश, ह्या प्रश्नाचं उत्तर कोणतं कुत्रं? ते तुमच्या गेटबाहेर मोटारीखाली झोपलंय. गावठी. आखूड केस, उभे कान, मध्यम चण, वर्षानुवर्षं इथल्या उन्हात, इथल्या गोचिडात, आपल्या उरल्यासुरल्या भाकरीवर टिकलेलं. आपले दत्तगुरू चार कुत्री घेऊन उभे असतात, आणि लहानपणापासून ऐकत आलोय की ते चार वेद. कॅलेंडरवरची ती चार कुत्री नीट बघा, त्यातलं एकही केसाळ नसतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सोपा आहे असं मी म्हणत नाही. चावे खरे आहेत, रेबीज खरा आहे, पहाटे दूध टाकायला निघालेल्या पोराची भीती खरी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, आणि दहा-बारा दिवसांत मोठ्या पीठाने ते बदलून नसबंदी-लसीकरण करून परत सोडा म्हटलं (रेबीजची किंवा आक्रमक कुत्री सोडून). देशभर लोक दोन बाजूंना उभे राहून भांडले. त्या भांडणात एक गोष्ट मला कोणाच्या तोंडून फारशी ऐकू आली नाही: रस्त्यावरचं एक पिल्लू घरात गेलं, त्याला लस मिळाली, नसबंदी झाली, तर तो प्रश्न एका कुत्र्याने आणि त्याच्या पुढच्या सगळ्या वितींनी कमी होतो. साठ हजार देऊन पंजाबहून पिल्लू आणलं, तर तो एका कुत्र्याने वाढायची शक्यता असते.

तर मित्रा, आता तुझ्या फोटोतल्या पिल्लाकडे येऊ. तीन गोष्टी विचार त्या माणसाला.

पहिली. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं असताना तो पाठवतोच कसा? २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, पिल्लाला मायक्रोचिप लागते. नोंदणीचा नंबर माग. दुसरी. आई-बाप दाखव म्हणावं, व्हिडिओवर का होईना, आणि ते कुठे ठेवलेत ते बघ. तिसरी, ही मला सगळ्यात आवडते. बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात. तिबेटी मॅस्टिफची मादी साधारणपणे एकदाच येते, आणि पिल्लं बहुतेक हिवाळ्यात होतात. जो विक्रेता "बारा महिने पिल्लं अवेलेबल" अशी जाहिरात करतो, त्याच्याकडे तिबेटी काय आहे? तर नाव. स्वेटरचं चाललं तसं इथे चालत नाही, कारण हा स्वेटर दहा-बारा वर्षं श्वास घेणार असतो.

आणि समज, तिन्ही उत्तरं बरोबर आली. नोंदणी आहे, आई-बाप अस्सल आहेत, पिल्लू जानेवारीतलं आहे. मग तर अजिबात घेऊ नकोस. कारण जितकं अस्सल, तितका त्याला आपला मे महिना जास्त जाचणार.

इतकं लिहून काल रात्री त्याला फोन केला, म्हटलं रविवारी टाकतोय लेख. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अरे, टोकन दिलंय मी. दहा हजार."

म्हटलं, "बुडू दे."

"दहा हजार रे!"

दहा हजार. प्रोजेक्टमध्ये आपणच शिकवतो ना नव्या पोरांना, की गेलेला खर्च हिशेबात धरायचा नाही, पुढचा धरायचा. पुढचा धर. एसीचं बिल, खाणं, डॉक्टर, आणि दुपारी एक वाजता घरी एकटी असलेली काकू. त्यापुढे दहा हजार म्हणजे फीच झाली.

तो "बघतो" म्हणाला. बघतो म्हणजे काय ते सोमवारी कळेल. आमच्या बिल्डिंगच्या मागे प्लॉटवर चार पिल्लं झालीयेत, अडीच महिन्यांची आहेत, आईला मागच्या वर्षी लस दिलेली आहे. त्यातलं एक पिवळसर आहे, त्याचा एक कान अजून उभा राहिलेला नाही. ते मी त्याच्यासाठी ठेवलंय, असं त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल.